‘कोणी केलं?’ आणि ‘का घडलं?’: रूथ रेंडेल हातात घेण्याआधी

इंग्लिश लेखिका रूथ रेंडेल यांच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) या कादंबरीवर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘वाचून रात्रभर झोप नाही.’ दुसरं, ‘खुनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकला, आता वाचायचं काय?’ हे दुसरं मत ऐकून ऐकून मी थकलोय. रहस्यकथा आणि गुन्हेकथा एकच, असं धरून चालल्यामुळे ते येतं.

रहस्यकथा आपल्याला कोणी शिकवायला नको. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर आपल्याकडे पिढ्या पोसल्या, अगाथा ख्रिस्तीही घरोघरी पोचली. प्रेत, चार-सहा संशयित, शेवटी उलगडा. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’चा (१९२६) शेवट कुणी आधी फोडला तर मी त्याच्याशी भांडेन, कारण ते पुस्तक त्या शेवटासाठीच रचलेलं आहे.

रहस्यकथेत रक्त कमी, गुन्हेकथेत जास्त. एकीत खासगी हेर, दुसरीत पोलीस, असले फरक सोडून द्या. दोन्हीकडे दोन्ही सापडतं.

खरा फरक एकच: वाचकाला पात्रांपेक्षा कमी ठाऊक आहे की जास्त? रहस्यकथेत कमी. खुनी स्वतःला ओळखून असतो, आपण चाचपडत असतो. गुन्हेकथेत सगळं ठाऊक असतं ते आपल्याला, आणि पात्रं बेसावध असतात. रेंडेल पहिल्या वाक्यात सांगतात की युनिस पार्चमनने कव्हरडेल कुटुंबाला मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे लगेच तारीखही देतात: १४ फेब्रुवारी, रविवारची संध्याकाळ, टीव्हीवर ऑपेरा चालू असताना, पंधरा मिनिटांत चार माणसं. साथीदार कोण, तेही तिथेच कळतं.

एवढं कळल्यावर साध्या गोष्टींचीही धास्ती वाटायला लागते. घरातली बाई मोलकरणीसाठी, म्हणजे युनिससाठी, कामाची चिठ्ठी लिहून ठेवते. रहस्यकथेत ती चिठ्ठी पुरावा ठरली असती. इथे ती वाचताना पोटात गोळा येतो, कारण युनिसला ती वाचता येणार नाही आणि ते लपवण्यासाठी ती कुठवर जाईल हे आपण जाणतो. मेलिंडा ही घरातली मुलगी मासिकातली प्रश्नावली घेऊन तिच्याशी गप्पा मारायला बसते, तिचं गुपित ओळखते आणि मनापासून म्हणते, मी तुला शिकवते. पुस्तकातला सगळ्यात भयंकर प्रसंग माझ्या लेखी हाच. बंदूक पुष्कळ नंतर येते. इथे एक चांगली मुलगी चांगुलपणा करते आणि त्यानेच मरण जवळ येतं. खुनी आधी माहीत नसता तर हे पान आपण सहज उलटून गेलो असतो.

म्हणून या पुस्तकाबद्दल ‘शेवट सांगू नका हं’ म्हणणंही मला पटत नाही. लेखिकेनेच तो सांगितलाय, आणि विचारपूर्वक.

गोंधळाला एक कारण आहे, ते मान्य. याच रेंडेलबाईंनी १९६४ पासून इन्स्पेक्टर वेक्सफर्डच्या तपासकथाही लिहिल्या. वेक्सफर्ड आवडला म्हणून कुणी हे पुस्तक उचललं, तर त्याची चूक नाही. मुखपृष्ठावरच्या नावाने काही कळत नाही. पहिलं पान वाचा.

‘एकही पात्र आवडलं नाही’ ही तक्रारही मी बाजूला ठेवतो. युनिस आवडावी म्हणून लिहिलेलीच नाही.

एक आक्षेप मात्र मी मनावर घेतो. कादंबरीचं म्हणणं असं दिसतं की वाचता न आल्यामुळे युनिसची कल्पनाशक्ती आणि दुसऱ्याचं दुःख समजण्याची ताकदच सुकून गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती, आणि जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या त्या बायकांइतकं दुसऱ्याचं मन कोण ओळखत होतं? इंग्लंडमध्ये, जिथे सगळे वाचतात असं गृहीत धरलं जातं तिथे, निरक्षर माणूस किती एकटा पडतो हे रेंडेल अचूक दाखवतात. त्या एकटेपणाचं खापर त्या निरक्षरतेवर फोडतात, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. या पुस्तकावर वाद घालायचाच तर तो इथे घाला.