शाळा सोडताना नोटिशीचे पैसे मागितले तर

वर्ष संपत आले की आमच्या फोंड्याच्या कार्यालयात एकाच तक्रारीचे पालक येऊ लागतात. कुणाची वास्कोहून विशाखापट्टणमला बदली झालेली असते, कुणी म्हापशाला घर घेतलेले असते, कुणाच्या मुलाला ती शाळा मानवलेली नसते. नवा प्रवेश ठरलेला असतो. दाखला आणायला गेल्यावर खिडकीतून उत्तर मिळते, "तुम्ही पूर्वसूचना दिली नाही. एका तिमाहीची फी भरा, मगच नो ड्यूजवर सही होईल." मुलाचा प्रवेश अडेल या भीतीने बहुतेक जण तिथल्या तिथे पैसे भरतात. भरण्याआधी दोन दिवस थांबा आणि हे वाचा. आम्ही वकील नाही. अर्ज, पत्रे, करारनामे आणि हिशेब तयार करून देणे हे आमचे काम, आणि या प्रकरणात निम्मी लढाई कागदावरच होते.

दाखला वेगळा, पैसे वेगळे

शाळेची थकबाकी असेल तर ती वसूल करण्याचे मार्ग शाळेला मोकळे आहेत. मुलाचा दाखला अडवून ठेवणे हा त्यातला मार्ग नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते की पहिली ते आठवीचे मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. दाखला यायला वेळ लागतो म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

गोव्यात एक गोष्ट आधी तपासावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी शाळा चर्चच्या किंवा अन्य अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत, आणि 2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळांना हा कायदा लागू नसल्याचे म्हटले. तुमची शाळा त्यांपैकी असेल, किंवा मूल नववी-दहावीत असेल, तर पत्रात कलम 5 वर भर देऊ नका. तिथे शिक्षण खात्याकडे केलेला अर्ज जास्त उपयोगी पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा महाराष्ट्राचा फी नियमन कायदाही पत्रात घालू नका. तो गोव्यात लागू नाही, आणि एक चुकीचा मुद्दा दिसला की समोरचा बाकीचे बरोबर मुद्देही बाजूला सारतो.

सही केलेला कागद शब्द न शब्द वाचा

प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर किंवा पालक-पुस्तिकेत ती अट असते. "तीन महिन्यांची सूचना" आणि "एका पूर्ण सत्राची सूचना" यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात सत्र सुरू होण्यापूर्वीच कळवावे लागते. काही शाळा सुट्टीचे दिवस मोजत नाहीत, म्हणजे चतुर्थी, दिवाळी, नाताळ वगळून दिवस धरतात. सूचना कुणाला द्यायची, हेही पाहा. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितले, तिने "बरं" म्हटले, हा पुरावा होत नाही.

आणखी एक पाहण्यासारखे आहे. 2025 पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले. जुन्या छापील पुस्तिकेत "वर्ष संपण्यापूर्वी" असे असेल, तर ते वर्ष नेमके कधी संपते हे शाळेकडून लेखी विचारून घ्या.

अट सापडलीच नाही, किंवा प्रवेशानंतर परिपत्रक काढून घातलेली निघाली, तर तुमची बाजू भक्कम आहे. अट आहे आणि तुमची सही आहे, तरीसुद्धा शाळेला पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 74 म्हणते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुकसानच झालेले नसेल, तर भरपाईचा प्रश्न येत नाही. म्हणून शाळेला विचारायचा खरा प्रश्न हा: आमच्या मुलाची जागा भरली का, आणि कधी?

हिशेब असा करा

समजा, शाळेची अट तीन महिन्यांच्या सूचनेची आहे. तुम्ही 20 फेब्रुवारीला लेखी कळवले आणि मूल 31 मार्चला शाळा सोडते. शाळा एप्रिल ते जूनचे 24,000 रुपये मागते. त्यांत शिकवणी 18,000, बस 4,500 आणि उपक्रम 1,500. तुमची सूचना 20 मेला पुरी होते, म्हणजे कमी पडले 50 दिवस. तिमाही आहे 91 दिवसांची. मूल बसमध्ये बसणार नाही, उपक्रमांना येणार नाही. तेव्हा फक्त शिकवणी धरली तर 18,000 गुणिले 50 भागिले 91, म्हणजे 9,890 रुपये. परताव्याची अनामत 15,000 जमा असेल, तर उलट शाळेनेच तुम्हाला 5,110 रुपये द्यायचे निघतात. आणि एप्रिलमध्ये त्या जागेवर दुसरे मूल आले असेल, तर 9,890 वरही हरकत घेता येते.

असा मांडलेला हिशेब समोर ठेवला की शाळेशी बोलणे सोपे होते, कारण वाद रकमेपुरता उरतो. ज्यांनी एक ओळही न लिहिता मुलाला सत्राच्या मध्येच काढले, त्यांना मात्र आम्ही सांगतो की काही रक्कम द्यावी लागेल. शिक्षकांचे पगार शाळेने वर्षभरासाठी धरलेले असतात.

पत्र कसे लिहावे

लहान लिहा, राग घालू नका. "आमचे पाल्य अमुक तारखेपासून शाळा सोडत आहे. देय फी भरली आहे, पावती जोडली आहे. पूर्वसूचनेपोटी मागितलेल्या रकमेस आमची हरकत आहे. ती कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या नुकसानीपोटी मागितली हे सात दिवसांत लेखी कळवावे. दाखला या वादाशी न जोडता द्यावा." मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन दोघांना पाठवा: ईमेलने, शिवाय स्पीड पोस्टाने. हातोहात देत असाल तर प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

प्रवेशाची मुदत संपत आली असेल आणि पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्याच दिवशी "हरकत कायम ठेवून, हक्क राखून भरत आहोत" असे लेखी द्या आणि रोखीने भरू नका. ही एक ओळ नसेल तर पुढे "तुम्ही खुशीने भरले" असे ऐकावे लागते.

तक्रार कुठे

आधी तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी, मग पर्वरीचे शिक्षण संचालनालय. शिक्षण हक्क कायद्याखालची तक्रार असेल तर ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि तिथे समाधान झाले नाही तर गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते.

ग्राहक आयोगाबद्दल फार विचारले जाते. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पण शिक्षण ही ग्राहकाला दिलेली सेवा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सुरजीत कौर प्रकरणात म्हटले आहे, आणि शाळा पहिला आक्षेप हाच घेते. म्हणून हा मार्ग आम्ही पहिला सुचवत नाही. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्ज आईच्या नावाने करा.

आमच्याकडे येताना प्रवेश अर्जाची प्रत, पालक-पुस्तिका, फीच्या सर्व पावत्या, अनामतीची पावती आणि शाळेशी झालेले मेसेज घेऊन या. मेसेज पुसू नका, तारीख दिसेल असे त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रवेश अर्जाची प्रत तुमच्याकडे नसेल, तर ती मागणारे पत्र आम्ही सर्वांत आधी लिहून देतो.