स्मॉल एस की कॅपिटल एस: साइन-ऑफ आणि साइन्ड कमिटमधला फरक

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि त्यातली एक नोंद म्हणजे कमिट. पुल रिक्वेस्टवर (बदल प्रोजेक्टमध्ये घेण्याच्या विनंतीवर) मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, लिहितो, ‘कमिट साइन करून पुन्हा पाठवा.’ पाठवणारा जीपीजी या डिजिटल सहीच्या प्रोग्रॅमची की तयार करतो, गिटहबसारख्या प्रोजेक्ट ठेवणाऱ्या साइटवरच्या खात्यावर चढवतो, कमिट नव्याने पुश करतो (साइटवर पाठवतो), आणि आपोआप होणारी तपासणी लाल ती लालच. कारण प्रोजेक्टला की नकोच होती, कमिट मेसेजच्या तळाशी एक ओळ हवी होती. गिटमध्ये कमिट कमांडला हायफन स्मॉल एस दिला की साइन-ऑफ होतो आणि हायफन कॅपिटल एस दिला की डिजिटल सही. नुसतं ‘साइन करा’ असं सांगितल्यावर गोंधळ होणारच.

साइन-ऑफ हा साधा मजकूर असतो: ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे नाव व ईमेल. गिट ते तुमच्या कॉन्फिगमधून उचलतं. ही ओळ कोणीही, कोणाच्याही नावाने, हाताने टाइप करू शकतो. तरीही तिला वजन आहे, कारण ती लिहिणारा डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे डीसीओ, मान्य करत असतो. २००३ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने आयबीएमवर लिनक्ससंदर्भात खटला भरला. त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, कोड कोणाच्या हातून आला याचा माग ठेवणं निकडीचं झालं आणि २००४ मध्ये कर्नलने ही पद्धत सुरू केली. डीसीओ छोटा आहे, कलमं चारच. कोड मी लिहिला आहे आणि या परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे. किंवा तो योग्य मुक्त परवाना असलेल्या आधीच्या कामावर बेतला आहे. किंवा अशीच हमी देणाऱ्याने तो मला दिला आणि मी त्यात बदल केला नाही. चौथं कलम नेहमीच लागू असतं: ही नोंद सार्वजनिक आहे आणि कायम राहील. नोकरीत लिहिलेल्या कोडवर बहुतेकदा कंपनीचा हक्क असतो, म्हणून ही ओळ लिहिण्याआधी परवानगी आहे ना, हे बघावंच लागतं.

साइन्ड कमिट कोडवरच्या हक्काबद्दल अवाक्षर बोलत नाही. तिथे गिट कमिटचा पूर्ण मजकूर, म्हणजे फाइल्सची स्थिती, आधीच्या कमिटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक), लेखक, कमिटर आणि मेसेज, तुमच्या खासगी कीने सही करून ती सही कमिटच्याच हेडरमध्ये ठेवतं. याची गरज का? यूजर-नेम आणि यूजर-ईमेलमध्ये काय लिहावं यावर गिटचा काहीच ताबा नाही. दुसऱ्याचं नाव घालून कमिट करायला अर्धा मिनिटही लागत नाही. सही असली की ती की ज्याच्याकडे आहे त्यानेच ही कमिट केली, आणि नंतर तिच्यात एक अक्षरही बदललेलं नाही, एवढं सिद्ध होतं. चोरलेला कोडसुद्धा अगदी वैध सहीनिशी येऊ शकतो.

सही आपोआप व्हावी म्हणून गिटमध्ये कमिट-जीपीजीसाइन ही सेटिंग आहे. साइन-ऑफसाठी कमिट कमांडला तशी सेटिंग नाही, आणि नाही तेच बरं. हमी दर वेळी जाणून द्यायची असते. हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावून ती प्रत्येक कमिटला चिकटवणाऱ्यांनी तिचा अर्थच काढून टाकला आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन्हींत बिघाडही वेगवेगळे होतात. डीसीओ तपासणी बहुतेकदा ईमेलवर अडते: कमिटच्या लेखकाचा पत्ता एक, साइन-ऑफमधला दुसरा. शेवटच्या कमिटवर ओळ राहिली असेल तर अमेंड करताना (ती कमिट दुरुस्त करताना) साइनऑफ पर्याय द्या. शेवटच्या तीन कमिटवर राहिली असेल तर रीबेस या कमिट नव्याने रचणाऱ्या कमांडला साइनऑफ आणि हेड टिल्डे ३ (म्हणजे शेवटच्या तीन कमिट) द्या, मग फोर्स-विथ-लीज हा जुन्या कमिटच्या जागी नव्या बसवणारा पर्याय वापरून पुश करा. पण त्या तिनांत दुसऱ्या कोणाची कमिट असेल तर तिच्यावरही तुमचंच नाव लागतं. तुमच्या ओळीने त्याची हमी भरून निघत नाही.

सहीच्या बाजूला ‘अनव्हेरिफाइड’ दिसलं तर आधी दोन गोष्टी बघा. कमिटरचा ईमेल खात्यावर पडताळलेला आहे का? आणि एसएसएच कीने सही करत असाल (गिट २.३४ पासून करता येते), तर गिटहबवर ती साइनिंग की म्हणून वेगळी चढवली आहे का? लॉगिनसाठी चढवलेली की या कामाला चालत नाही. टर्मिनलमध्ये ‘जीपीजी फेल्ड टू साइन द डेटा’ आलं, तर अनेकदा पासफ्रेज विचारायला जीपीजीला टर्मिनल सापडत नसतं. जीपीजी-टीटीवाय हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल सेट केलं की ही अडचण सुटते.

मेंटेनरने सगळ्यात जास्त लक्ष मर्ज बटणाकडे, म्हणजे बदल मुख्य शाखेत घेणाऱ्या बटणाकडे, द्यायला हवं. रीबेस झाला की हॅश बदलतो, म्हणजे कमिटच नवी होते. मूळ सही गळते. साइन-ऑफ मेसेजमध्ये असल्यामुळे टिकतो. गिटहबचं ‘रीबेस अँड मर्ज’ कमिट सहीच्या पडताळणीशिवाय मुख्य शाखेत टाकतं, त्यामुळे शाखेवर ‘रिक्वायर साइन्ड कमिट्स’ लावलं असेल तर रीबेस आणि मर्ज आपल्या मशीनवर करूनच पुश करावं लागतं. स्क्वॉशमध्ये, म्हणजे सगळ्या कमिटची एकच करून मर्ज करताना, गिटहब स्वतःच्या कीने सही करतं. व्हेरिफाइडचा बिल्ला दिसतो, पण तो गिटहबच्या सहीचा. पाठवणाऱ्याने केलेली सही मुख्य शाखेत येत नाही. स्क्वॉशचा मेसेज संपादित करताना साइन-ऑफची ओळ खोडली गेली तर हमीही इतिहासातून गेली. म्हणून बटण दाबण्याआधी मेसेजचा तळ वाचा.

गिटहबवर वेबवरच्या कमिटला साइन-ऑफ सक्तीचा करणारी सेटिंगही आहे. ती फक्त ब्राउझरमधून केलेल्या कमिटला लागू होते. कमांड लाइनवरून आलेल्या कमिटसाठी डीसीओची वेगळी तपासणी लावावीच लागते.

पॅच (बदलांचा मजकूर) ईमेलने फिरत असतील तर कमिटवरच्या सहीचा विचारच सोडा. कमिटचा ईमेल बनवणारी फॉरमॅट-पॅच कमांड ती सोबत नेत नाही आणि तो ईमेल लावून घेणारं गिट एएम समोरच्या मशीनवर नवी कमिट बनवतं. साइन-ऑफ मात्र पोहोचतो, आणि पुढे सरकवणारा प्रत्येक मेंटेनर त्याखाली आपली ओळ जोडत जातो, त्यामुळे ओळींच्या क्रमावरून पॅचचा मार्ग कळतो. अशा प्रोजेक्टमध्ये सही टॅगवर (एखाद्या कमिटला दिलेल्या नावावर) केलेली चांगली: टॅग ज्या कमिटकडे बोट दाखवतो तिच्या हॅशमध्ये मागचा सगळा इतिहास बांधलेला असतो, म्हणून एका सहीत तो सगळा येतो.