कारचा विमा: हप्ता कशावर ठरतो, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन कार शेजारीशेजारी उभ्या असतात आणि एकीचा विमा दुसरीच्या दीडपट निघतो. एजंटने फसवलं, असाच पहिला समज होतो. बहुतेक वेळा तसं नसतं. आपल्याकडे हप्ता दोन वेगळ्या भागांचा बनतो. एक भाग सरकार ठरवतं, दुसरा कंपनी ठरवते, आणि फरक पडतो तो या दुसऱ्या भागात. त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी आपणच प्रस्तावात, म्हणजे विम्याच्या अर्जात, लिहून देत असतो. म्हणून प्रस्ताव दुसऱ्याच्या हाती सोपवून फक्त पैसे भरू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

सरकारने ठरवलेला भाग

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई यातून मिळते. जीवितहानी आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाखांची आहे. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलं तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या वेळी दंड 4,000 रुपये.

या भागाचे दर रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करून जाहीर करतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत खासगी कारसाठी वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये असे तीन टप्पे आहेत. इलेक्ट्रिक कारचे टप्पे किलोवॉटवर पडतात आणि दर सुमारे 15 टक्के कमी आहेत. नवी अधिसूचना निघाली की आकडे बदलतात, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी चालू दर पाहून घ्यावा. चालकाचं वय, अनुभव, आधीचे अपघात यांतलं काहीही या दरात मोजलं जात नाही. कोणतीही कंपनी हा दर कमी करू शकत नाही. थर्ड पार्टीत सूट देतो म्हणणाऱ्याकडून पॉलिसी घेऊच नका.

नवी कार घेताना हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून हा नियम आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा चालतो, आणि तो दुसऱ्या वर्षी वेगळ्या कंपनीकडून घेता येतो. शोरूममध्ये हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

कंपनीने ठरवलेला भाग: ओन डॅमेज

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे अपघात, चोरी, आग, पूर यांचा विमा. याचे दर 1 जानेवारी 2007 पासून खुले झाले, म्हणून इथे कंपनीगणिक आकडा वेगळा येतो.

हिशेबाचा पाया म्हणजे आयडीव्ही, गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती हीच. गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या चालू विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट वजा होते: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50. त्यापुढे आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढायची सवय अगदी वाईट. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. त्या दिवशी हातात येणारी रक्कम आपणच आधी कापून ठेवलेली असते.

मग येतं इंजिन, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही शहरं ‘अ’ विभागात आणि बाकी देश ‘ब’ विभागात होता. दर खुले झाल्यावरही हा भेद हिशेबात टिकून आहे. मॉडेलचा स्वतःचा इतिहासही मोजला जातो: सुटे भाग किती महाग, किती वेळा क्लेम आले, चोरीचं प्रमाण काय. हेडलॅम्प किंवा पुढची काच यांत सेन्सर, कॅमेरे असले की एका किरकोळ धडकेचं बिल कितीतरी वाढतं, आणि त्याचं प्रतिबिंब दरात पडतं. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याच्या किमतीवर वेगळा हप्ता लागतो. किटची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे हवी.

चालकाचं काय? इतर अनेक देशांत चालकाचं वय आणि नोंदवलेले गुन्हे यांवर दर ठरतो. आपल्याकडे विमा मुख्यतः गाडीचा, चालकाचा कमी. प्रस्तावात वय, व्यवसाय, गाडी कोण चालवतं हे विचारतात आणि काही कंपन्या ते मोजतात, पण त्याचा भार तुलनेने हलका. जुलै 2022 मध्ये आयआरडीएआयने वापरावर आणि चालवण्याच्या पद्धतीवर आधारलेली जोड संरक्षणं (मूळ विम्यावर जादा पैसे भरून घ्यायची ॲड-ऑन) द्यायला परवानगी दिली. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, त्यांनी किलोमीटरवर आधारलेला पर्याय जरूर विचारावा.

एनसीबी: खरा फरक इथे पडतो

चालकाच्या वागण्याचा थेट मोबदला देणारी एकच मोठी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस, अर्थात एनसीबी. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेज हप्त्यात 20 टक्के सूट, सलग दोन वर्षांनंतर 25, मग 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. थर्ड पार्टीच्या भागाला ही सूट लागत नाही. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते.

याचा अर्थ आकड्यात पाहू. सोयीसाठी ओन डॅमेजचा मूळ हप्ता दर वर्षी 10,000 रुपये धरा. 50 टक्के एनसीबी असलेला माणूस 5,000 भरतो. त्याने बंपरच्या 6,000 रुपयांच्या कामासाठी क्लेम केला. 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममधून 1,000 रुपये सक्तीची कपात असते, म्हणजे हाती आले 5,000, तेही भागांच्या जुनेपणापोटी होणारी घसारा कपात धरली नाही तर. आता पुढची पाच नूतनीकरणं पाहा: 10,000, मग 8,000, 7,500, 6,500, 5,500. क्लेम केला नसता तर प्रत्येक वेळी 5,000 लागले असते. जास्तीचे गेले एकूण 12,500, वर जीएसटी. मूळ हप्ता गाडीच्या वयाबरोबर उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल, पण निष्कर्ष तोच राहतो. किरकोळ ओरखडा, डेंट यांसाठी क्लेमचा अर्ज भरण्याआधी हे गणित कागदावर मांडा. एनसीबी संरक्षण नावाचं जोड संरक्षण घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचून मगच ठरवा.

एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकली तर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या कारला लावता येतं. गाडीसोबत ती खरेदीदाराला देता येत नाही. मालकाचा मृत्यू होऊन गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर मात्र मिळते. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की सगळी जमवलेली सूट जाते.

आणि प्रस्तावातला एक रकाना डोळे उघडे ठेवून भरा: मागच्या वर्षी क्लेम झाला होता का? खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही माहिती खोटी निघाली तर गाडीच्या नुकसानीचे सगळे लाभ रद्द होतील. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करून घेते. हप्ता स्वस्त दाखवण्यासाठी एजंट इथे ‘नाही’ भरतो, दोन-तीन हजार वाचल्यासारखे वाटतात आणि खऱ्या अपघाताच्या वेळी क्लेम उभाच राहत नाही.

कोण अर्ज करू शकतं

ज्याच्या नावावर आरसी आहे, तो नोंदणीकृत मालक. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं नाव बोजा म्हणून पॉलिसीत येतं. मालकाकडे वैध लायसन्स असेल तर 15 लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घ्यावं लागतं. दुसऱ्या पॉलिसीत ते आधीच असेल तर तसं लिहून द्यायचं आणि दुहेरी हप्ता टाळायचा. खासगी म्हणून विमा उतरवलेली कार भाड्याने चालवली तर क्लेम नाकारला जातो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांची इथे सर्वांत जास्त फसगत होते. कलम 157 प्रमाणे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप पुढे जातो. ओन डॅमेज जात नाही. व्यवहारापासून 14 दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि आधीच्या मालकाला मिळालेल्या एनसीबीचा फरकही भरावा लागतो. आरसी माझ्या नावाची आणि पॉलिसी आधीच्या मालकाची, अशा अवस्थेत गाडी ठोकली तर दुरुस्तीचे पैसे मिळणं अवघड.

कागदपत्रं आणि अर्ज

नूतनीकरणाला फारसं काही लागत नाही: आरसी, मागची पॉलिसी, आणि केवायसीसाठी पॅन किंवा आधार. केवायसी 1 जानेवारी 2023 पासून सगळ्याच नव्या विमा पॉलिसींना सक्तीचं आहे. नव्या गाडीला डीलरचं बिल आणि विक्री प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेचं पत्र. एनसीबी दुसऱ्या गाडीवरून आणत असाल तर वर सांगितलेलं पत्र. जुनी गाडी घेतली असेल तर हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30 किंवा नव्या नावाची आरसी, मागच्या पॉलिसीची प्रत आणि नवा प्रस्ताव अर्ज.

पॉलिसी एक दिवसही खंडित झाली तर ओन डॅमेजसाठी तपासणी होते. कंपनीचा माणूस येतो किंवा मोबाइल अॅपवरून तुम्हालाच चारही बाजू, काच, मीटरचं रीडिंग, चेसिस क्रमांक यांचे फोटो आणि व्हिडिओ पाठवायला सांगतात. आधीचे डेंट त्यात नोंदले जातात आणि त्यांचा क्लेम नंतर करता येत नाही. हप्ता भरून होईपर्यंत जोखीम कंपनीवर येत नाही, म्हणून शेवटच्या तारखेच्या रात्रीपर्यंत थांबू नका.

दर मागताना तीन-चार कंपन्यांकडून एकाच आयडीव्हीवर, त्याच जोड संरक्षणांसह मागा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. एआरएआय या वाहन चाचणी संस्थेच्या मान्यतेचं चोरीरोधक उपकरण असेल तर सांगा, थोडी सूट मिळते. स्वेच्छेने जास्त कपात पत्करली तरी हप्ता उतरतो, पण तेवढी रक्कम खिशातून द्यायची तयारी असेल तरच.

पॉलिसी हातात आल्यावर इंजिन आणि चेसिस क्रमांक, नावाचं स्पेलिंग, एनसीबीची टक्केवारी, आयडीव्ही आणि बोजा आरसीशी ताडून पाहा. चूक असेल तर लगेच लेखी कळवून दुरुस्तीपत्र घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे, तेव्हा कंपनीच्या नकाराचं पत्र तारखेसह जपून ठेवा.