रक्तमेद व रक्तक्लथन, विषाणुसंसर्गातील

विषाणुसंसर्गाच्या काळात रक्तातील मेदद्रव्यांच्या प्रमाणात व घडणीत होणारा बदल आणि त्याच काळात वाढणारी रक्त गोठण्याची (क्लथनाची) प्रवृत्ती, यांचा परस्परसंबंध. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड व फॉस्फोलिपिड ही रक्तातील मुख्य मेदद्रव्ये. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांतून (एलडीएल, एचडीएल इ.) वाहून नेली जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठीत दोन्ही गोष्टी ‘रक्त घट्ट झालंय’ एवढ्यात मावतात. चरबी वाढली की रक्त घट्ट होते आणि घट्ट रक्ताची गुठळी होते, अशी समजूत आहे. त्यातून कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ करण्याची गोळी एकच मानली जाते. २०२०–२१ च्या कोविड साथीत ‘डी-डायमर’ (गुठळी विरघळताना रक्तात येणारा तुकडा मोजणारी तपासणी) हा शब्द घरोघर पोचला आणि घोटाळा वाढला. दवाखान्यात बोलणे मराठीत, पाटी कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत, अशा ठिकाणी दोहोंतला फरक समजावून सांगणे अधिकच गरजेचे ठरते.

रक्त गोठते ते मेदाच्या पृष्ठावर, हे खरे. पण तो मेद रक्ततपासणीत मोजला जाणारा नव्हे. पेशीच्या पटलात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचे फॉस्फोलिपिड एरवी आतल्या बाजूला असते. बिंबाणू (प्लेटलेट) चेतले की ते बाहेर येते. कॅल्शियमच्या मदतीने क्लथन घटक त्याला चिकटतात, तेथे थ्रॉम्बिन तयार होते आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. कोलेस्टेरॉल कितीही कमी असले तरी हे पटल शरीरात असतेच.

मेद व क्लथन यांचा संबंध हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या शोधाइतका इतरत्र क्वचितच उघड होतो, आणि त्या शोधाच्या श्रेयाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. १९१६ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅकलीन हा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. रक्त गोठवणाऱ्या सेफॅलिन या मेदद्रव्याचा तो अभ्यास करीत होता. हृदय व यकृतापासून काढलेले काही अर्क साठवून ठेवल्यावर त्यांची गोठवण्याची शक्ती गेली आणि उलट ते गोठणे रोखू लागले. १९१८ मध्ये हॉवेल व होल्ट यांनी अशा द्रव्याला यकृतवाचक ग्रीक शब्दावरून हेपारिन हे नाव दिले. तेव्हाही ते मेदद्रव्यच मानले जात होते. पुढे १९२० च्या दशकात हॉवेल यांनी वेगळ्या रीतीने पाण्यात विरघळणारे द्रव्य मिळवले, ते कर्बोदक वर्गातले निघाले. १९३० च्या दशकात स्टॉकहोम येथे योर्पेस यांनी त्याची रासायनिक ओळख पक्की केली. मॅकलीन यांनी उत्तरायुष्यात शोधाचा मान आपला असल्याचे आग्रहाने मांडले आणि अनेक पाठ्यपुस्तके तो त्यांनाच देतात. मॅकलीन यांच्या हाती लागलेले द्रव्य फॉस्फोलिपिड होते, आजचे हेपारिन नव्हे, असे दुसरा पक्ष म्हणतो. रसायनाच्या दृष्टीने हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि पहिले निरीक्षण मॅकलीन यांचेच. १९४३ मध्ये हान यांना आढळले की जेवणानंतर दुधाळ झालेला कुत्र्यांचा रक्तरस हेपारिन टोचताच निवळतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील लायपोप्रोटीन लायपेज हे मेद फोडणारे विकर (एन्झाइम) हेपारिनमुळे सुटून रक्तात येते, हे नंतर स्पष्ट झाले. कोविडमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली दिलेली इंजेक्शने याच कुळातली.

संसर्गात विषाणूविरुद्धच्या लढ्यात सायटोकाइन ही पेशींना संदेश देणारी, दाह पेटवणारी द्रव्ये सुटतात आणि त्यांचे परिणाम दोन दिशांना जातात. यकृत ट्रायग्लिसराइडयुक्त कण अधिक सोडते, ते फोडणारे विकर मंदावते, त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढतात. एलडीएल व एचडीएल घटतात. या सायटोकाइनांपैकी एक, टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर), आधी मेद झिजवणारे ‘कॅकेक्टिन’ म्हणून वेगळे अभ्यासले जात होते. दोन्ही एकच असल्याचे १९८५ मध्ये दिसून आले. त्याच वेळी पांढऱ्या पेशी व रक्तवाहिन्यांचे अस्तर ‘टिश्यू फॅक्टर’ प्रकट करतात आणि गोठणे सुरू होते. गुठळी विरघळवणारी यंत्रणा मात्र दबते. गंभीर आजारात एचडीएलवरील नेहमीच्या प्रथिनाची जागा सीरम अमायलॉइड ए घेते व त्याचे संरक्षक गुण कमी होतात.

म्हणून तापात काढलेल्या अहवालात कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले तर ती पथ्याची किंवा काढ्याची करामत नव्हे. कोविडमध्ये आजार जितका तीव्र, तितके एलडीएल खाली आणि बरे होताना पुन्हा वर, असे वारंवार नोंदले गेले आहे. खरा आकडा हवा असेल तर बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करावी.

मेदातील बदल गुठळीला कारण होतो की दोन्ही एकाच दाहाचे परिणाम आहेत, याविषयी मतभेद आहेत. एचडीएल घटल्याने अस्तराचे रक्षण ढासळते, असे काही अभ्यासक मानतात. लायपोप्रोटीन(ए) या मेदवाहक कणातील प्रथिनाचे प्लाझ्मिनोजेनशी (गुठळी विरघळवणाऱ्या विकराच्या पूर्वरूपाशी) असलेले साम्य (१९८७) हाही त्यांचा आधार. मात्र शिरांतील गुठळ्यांशी त्याचा कार्यकारणसंबंध आनुवंशिक अभ्यासांत दिसलेला नाही. निरोगी माणसांवरील ज्युपिटर चाचणीत (२००९) रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या (स्टॅटिन वर्गातील) औषधामुळे शिरांतील गुठळ्या ४३ टक्क्यांनी घटल्या. पण इराणमध्ये अतिदक्षता विभागातील कोविड रुग्णांना २० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन (त्याच वर्गातील औषध) दिले, तेव्हा गुठळ्या व मृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही. दोन्ही एकाच दाहाची फळे, हे मत सध्या अधिक ग्राह्य दिसते. आधीपासून चालू असलेली गोळी तापात आपल्या मनाने बंद करावी, असा मात्र याचा अर्थ नाही. धमन्यांत वर्षानुवर्षे साठलेला मेद हा वेगळा विषय; संसर्गाच्या काळात त्यावर गुठळी धरू शकते: कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण सुमारे ६ पट आढळले.

तपासणी : क्लथनासाठी रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तीत सोडियम सायट्रेट असते. ९ भाग रक्ताला १ भाग. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो. नळी फिरवल्यावर वर राहणारा रक्तरस एरवी फिकट पिवळा, पारदर्शक असतो. ट्रायग्लिसराइड फार वाढले की तो पातळ ताकासारखा दिसतो. प्रकाश आरपार सोडून गोठण्याचा क्षण टिपणारी यंत्रे अशा नमुन्यात फसू शकतात. रक्तात जाऊन मेद क्लथनाला छळो न छळो, प्रयोगशाळेत तो आकडा नक्की बिघडवतो.

डी-डायमर म्हणजे विरघळत्या फायब्रिनचा तुकडा. बेळगावचा रुग्ण मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यात गेला की अहवालाचे एकक बदलू शकते. ०.५ मायक्रोग्रॅम व ५०० नॅनोग्रॅम (प्रति मिलिलिटर) हे एकच होत. शिवाय फायब्रिनोजेन-तुल्य एककातील ५०० हे डी-डायमर एककात साधारण २५० भरते. आकडा एकदम दुप्पट झालेला दिसला तर आधी एकक पाहावे.

डेंग्यूत कोलेस्टेरॉल असेच घटते, पण धोका बहुधा रक्तस्रावाचा असतो. बिंबाणू कमी होतात, रक्तरस वाहिन्यांतून पाझरतो आणि रक्त अक्षरशः घट्ट होते. तपासणीत हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) चढलेला दिसतो. ‘रक्त घट्ट झालंय’ हे ऐकून येथे ॲस्पिरिन देणे घातक ठरते. अशा रुग्णाला शिरेतून द्रव द्यावा लागतो. गोचिडीमार्फत पसरणारा माकडतापही (क्यासनूर अरण्यरोग) रक्तस्रावी ज्वरांतच मोडतो. तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळला. ही दोन्ही ठिकाणे खानापूरच्या जंगलपट्ट्याला लागून आहेत. काजूच्या हंगामात तिकडे मजुरीला जाऊन आलेल्या माणसाला ताप आला तर जंगलात गेल्याचे व गोचीड चावल्याचे डॉक्टरांना सांगावे, आणि रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी त्यांना विचारल्याखेरीज घेऊ नये.