टोमॅटोचा व्हायरस येतो कधी आणि दिसतो कधी

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो घेऊन आलेल्या कोणाशीही बोला, 'प्लॉट व्हायरसवर गेला' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो, 'आता काय मारू?' खरं उत्तर ऐकायला जड जातं: आता मारण्यासारखं काही नाही. विषाणू झाडात शिरला की तो झाडाच्याच पेशी वापरून वाढतो. बुरशीनाशकाचा किंवा प्रतिजैविकाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, आणि बाधित झाड बरं करणारं औषध बाजारात कुठेच नाही. शेंडा कोकडलेला, पानं वाटीसारखी वर वळलेली, झाड खुजं राहिलेलं दिसतं, तेव्हा संसर्ग होऊन साधारण दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. म्हणजे जे वाचवायचं होतं ते लागवडीच्या आसपासच, बऱ्याचदा रोपवाटिकेतच.

पानं कोकडणारा हा 'लीफ कर्ल' विषाणू पांढरी माशी पसरवते. ही माशी जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, पानाच्या खालच्या बाजूला बसून सोंडेने अन्नरस ओढणारी. सकाळी ऊन चढायच्या आत शेंड्याकडचं पान हळूच उलटून पाहा. पांढरी पावडर लागलेल्या पंखांच्या माश्या आणि त्यांच्या आसपास चपटी, फिकट पिवळी पिल्लं दिसतात. पान जरा जोरात हललं की सगळ्या उडून शेजारच्या झाडावर जातात. बाधित झाडाचा रस प्यायल्यावर विषाणू माशीच्या आतड्यातून तिच्या रक्तात आणि तिथून लाळग्रंथीत पोचतो. या प्रवासाला कित्येक तास लागतात, पण एकदा तो पूर्ण झाला की ती माशी पुढे बराच काळ, जिथे बसेल तिथे विषाणू सोडत राहते. हेच संक्रमण पहिल्या महिन्याभरात झालं तर झाडाला फळ जवळपास लागतच नाही. फळं धरल्यानंतर झालं तर नुकसान बरंच कमी असतं. म्हणून पहिल्या दीड महिन्यात माशी दूर ठेवण्याला एवढी किंमत आहे.

सगळे विषाणू असेच वागत नाहीत, आणि फवारणीचा गोंधळ इथेच होतो. 2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर, फलटण भागातल्या टोमॅटोवर एकदम पिवळे-लाल-हिरवे डाग पडायला लागले. फळ सारखं पिकेना, कापलं तर आतून काळपट. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. आधीच टाळेबंदी, त्यात हा टोमॅटो खाल्ला तर माणसालाही बाधतो अशी अफवा उठली आणि भाव आणखी पडले. वनस्पतींचे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत, एवढी साधी गोष्ट तेव्हा वेळेत घरोघरी पोचायला हवी होती. ती पोचली नाही याची किंमत उत्पादकाने मोजली. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. नाव काकडीचं असलं तरी तो हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगतो.

हा विषाणू मावा, म्हणजे कोवळ्या पानांवर बसून रस शोषणारा बारीक किडा, पसरवतो, आणि त्याची पद्धत पांढऱ्या माशीपेक्षा अगदी वेगळी. विषाणू माव्याच्या पोटात जातच नाही, सोंडेच्या टोकाला चिकटून राहतो. मावा झाड चाखून पाहतो तेवढ्या काही सेकंदांत तो उचलला जातो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात सोडला जातो. कीटकनाशकाने मावा मरायला याहून जास्त वेळ लागतो. उलट काही औषधांनी बेचैन झालेला मावा मरण्याआधी चार झाडं जास्त चाखतो. 'इतकं महागडं औषध मारलं तरी व्हायरस थांबला नाही' असं म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो, आणि त्याने फवारणी चुकवलेलीही नसते. तिथे फवारणी हे हत्यारच चालत नाही.

तिसरा वाहक म्हणजे फुलकिडे. शेंड्याची पानं तांबूस-काळपट पडून जळाल्यासारखी होतात, खोडावर काळे पट्टे येतात, फळावर एकात एक वर्तुळं उमटतात. भुईमुगात कळी करपवणारा विषाणूच टोमॅटोवर हे करतो. यातली गंमत जीवशास्त्राची आहे: फुलकिड्याला हा विषाणू फक्त पिल्लू असतानाच उचलता येतो. पिल्लूपणी उचलला तर मोठा झालेला किडा मरेपर्यंत तो पसरवतो. मोठेपणी पहिल्यांदा बाधित झाड खाल्लं तर काहीच होत नाही. याचा शेतातला अर्थ असा की ज्या झाडावर वा तणावर फुलकिड्यांची पिल्लं वाढतात, तोच खरा कारखाना. बांधावरचं तण आणि शेजारची बाधित झाडं वेळेत निघाली तर पुढची पिढी विषाणू न घेता बाहेर पडते.

मग करायचं काय? रोप 40 किंवा त्याहून बारीक मेशच्या (म्हणजे एका इंचात 40 किंवा जास्त छिद्रं असलेल्या) जाळीतच वाढवायचं. दुहेरी दार असेल तर उत्तम, कारण एक दार उघडं राहिलं की जाळीचा उपयोग संपला. विकतचं रोप घेताना ट्रेमधली पानं उलटून पाहावीत, आणि रोपवाटिकेशेजारी जुना टोमॅटो, मिरची किंवा वांगी उभी असतील तर दुसरीकडे जावं. लागवडीला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरतात तो फक्त तण रोखायला आणि ओल टिकवायला नाही. उडता किडा आकाशाचा अतिनील प्रकाश आणि खालचं झाड यांतला फरक बघून उतरायचं ठरवतो. चंदेरी कागद तोच प्रकाश वर परतवतो, किड्याला खाली कुठे उतरावं ते कळत नाही. झाडाने वाफा झाकला की हा परिणाम संपतो, पण तोवर पहिले नाजूक आठवडे निघून गेलेले असतात.

प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी, लागवडीच्या आधीच उगवून आलेल्या, हा उपाय स्वस्त आहे आणि माव्यासाठी तर फारच चांगला. मावा आधी मक्यावर उतरतो, दोन-चारदा सोंड खुपसतो आणि टोकाला चिकटलेला विषाणू तिथेच पुसला जातो. पहिल्या महिन्यात एखादं झाड कोकडलेलं दिसलं तर जीव कळवळला तरी ते काढायचं. त्यावर आधी हळूच पिशवी घालायची, मगच उपटायचं आणि प्लॉटबाहेर नेऊन पुरायचं. तसंच उपटून ओळींतून ओढत नेलं तर माश्या साऱ्या प्लॉटभर वाटल्या जातात.

'व्हायरस टॉलरंट' लिहिलेलं बियाणं घेताना एकच प्रश्न विचारावा: कुठल्या व्हायरसला? लीफ कर्लला टिकणारी जनुकं रानटी टोमॅटोकडून आली आहेत. त्यातलं एक, दक्षिण अमेरिकेतल्या केसाळ रानटी टोमॅटोचं, हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकारांनी एच-24 या वाणात आणलं आणि तिथून ते जगभरच्या संकरित वाणांत गेलं. दुसरं चिली-पेरूच्या कोरड्या भागातल्या जातीचं. ते झाडाची विषाणू ओळखून त्याची जनुकं गप्प करण्याची मूळ यंत्रणा आणखी जोमदार करतं. बंगळूरच्याच संस्थेचा 'अर्का रक्षक' लीफ कर्लबरोबर जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांनाही तोंड देतो. पण लीफ कर्लला टिकणारं वाण तिरंग्याला किंवा फुलकिड्यांच्या विषाणूला टिकेलच असं नाही. शिवाय टिकणं म्हणजे विषाणूच नसणं नव्हे. झाडात तो थोडा असतोच, आणि माशी बेसुमार झाली तर असं झाडही कोकडतं.

काही विषाणूंना किडा लागतच नाही. तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कुळातले विषाणू बांधणी आणि फुटवे काढताना हातांनी, विळ्याने, तारेने पसरतात, आणि तंबाखूच्या पुडीतही ते जिवंत राहू शकतात. मळलेल्या तंबाखूच्या हाताने बांधणी करू नये, साबणाने हात धुऊनच प्लॉटमध्ये जावं, हा नियम मजुरांना प्रेमाने पण ठामपणे सांगायला हवा.

आणि प्रत्येक आजार व्हायरस नसतो. झाड हिरवंगार असताना भरदुपारी अचानक मान टाकलं, तर खोड जमिनीलगत कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरताना दिसले तर तो मर रोगाचा जिवाणू. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग म्हणजे कॅल्शियम फळापर्यंत न पोचणं, आणि ते बहुतेकदा पाण्याच्या पाळ्या चुकल्यामुळे होतं. ढगाळ, थंड, धुकट हवेत येणारा करपा मात्र चार दिवसांत प्लॉट लोळवतो. तिथे हवामान बघून आधीच केलेली बुरशीनाशकाची फवारणी खरोखर कामाची.

माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं संपलेल्या प्लॉटचं आहे. भाव पडले की तोडा बंद होतो, झाडं तारेवर तशीच वाळत राहतात आणि त्यांच्यावरची पांढरी माशी शेजाऱ्याच्या नव्या लागवडीवर जाते. एकट्याने कितीही काळजी घेतली तरी यावर इलाज नाही. 1990 च्या दशकात डोमिनिकन रिपब्लिकमध्ये लीफ कर्लच्या जातीतल्याच विषाणूने टोमॅटोचा धंदा जवळपास बसवला होता. तिथल्या सरकारने वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीला पोसणारी पिकं घ्यायची नाहीत असा सक्तीचा नियम केला, आणि टिकाऊ वाणांच्या जोडीने पीक पुन्हा उभं राहिलं. जुन्नर-संगमनेरसारख्या वर्षभर लागवड चालणाऱ्या पट्ट्यात तीन महिने बंद ठेवणं आज कोणाला परवडणार नाही. पण शेवटचा तोडा झाल्यावर आठवड्याच्या आत झाडं उपटून प्लॉट मोकळा करायचा, एवढं ग्रामसभेत ठरवायला पैसा लागत नाही.