आईकडे नसलेली अंगाई

मूल कसं वाढवायचं हे कुणी पुस्तक वाचून शिकत नाही. लहानपणी कुणीतरी आपल्याला न्हाऊमाखू घातलेलं असतं, ताप आला तर रात्रभर उशाशी बसलेलं असतं, रागावून झाल्यावर जवळ घेतलेलं असतं. ते अंगात मुरतं आणि आपली मुलं झाली की आपसूक हातून होऊ लागतं. कॅनडाच्या निवासी शाळांनी मूलनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवून त्यांची हीच शिदोरी काढून घेतली.

1880च्या दशकापासून 1990च्या दशकापर्यंत फर्स्ट नेशन्स, मेटिस आणि इन्युइट समाजांतली सुमारे दीड लाख मुलं या शाळांत गेली. पैसा सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. 1920 साली तर कायद्याने सक्तीच झाली. मुलांचे केस कापत, अनेक शाळांत त्यांना क्रमांकाने हाक मारत, आणि घरची भाषा तोंडून निघाली की मार बसे. सख्खे भाऊ-बहीण एकाच शाळेत असूनही कित्येकदा त्यांना एकमेकांशी बोलता येत नसे. हे वाचताना माझं मन दरवेळी तिथेच अडतं.

पीटर ब्राइस हा सरकारचाच डॉक्टर. कोंदट, दाटीवाटीच्या खोल्यांत क्षय पसरतोय, हे त्याने 1907 साली लिहून कळवलं. ज्या शाळांनी माहिती दिली, तिथली जवळजवळ पाव मुलं दगावली होती. त्याने सुचवलेले उपाय सरकारने बाजूला ठेवले.

जी मुलं जगली, ती पुढे आई-बाप झाली. सततच्या भीतीत वाढणाऱ्या मुलाचं शरीर कायम सावध राहायला शिकतं. ताणाची संप्रेरकं जरा कशाने उसळतात, आणि मायेने कुणी हात पुढे केला तरी अंग आक्रसतं. अशा आईला लेकराला कुशीत घेणं जड जात असेल, तर तो तिचा दोष कसा म्हणायचा? संशोधक एमी बॉम्बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं, की आई किंवा वडील या शाळांत गेलेले असतील तर मुलांत नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात. आजी-आजोबाही गेलेले असतील तर ओझं आणखी वाढतं. याचं कारण रक्तात शोधायची घाई नको. बराचसा भाग या मुलांच्या स्वतःच्या बालपणातल्या हालअपेष्टांतूनच उलगडतो.

भाषेचं नुकसान याहून गुपचूप झालं. आपल्याला बसलेला मार लेकराला बसू नये म्हणून अनेकांनी घरातही आपली बोली बंद केली. मग नातवंडांना आजीचं बोलणंच कळेना. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सुमारे दीडशे मूलनिवासी समाजांचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. जिथे निम्म्याहून जास्त लोकांना आपली भाषा बोलता येत होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या कितीतरी कमी होत्या, बऱ्याच ठिकाणी तर एकही नाही. एकट्या भाषेनेच हे घडवलं असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. भाषा टिकली तिथे बाकीचंही बरंच टिकलेलं असतं. पण भाषा ही केवळ हौसेची गोष्ट आहे, असं यानंतर कुणी म्हणू नये.

याच प्रांतात कॅमलूप्सची निवासी शाळा होती, शेक्वेपेम या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर. तिथून जवळच, ॲडम्स लेकला, याच लोकांनी 1980च्या दशकात न्यूझीलंडच्या माओरींचं पाहून ‘भाषेचं घरटं’ सुरू केलं, म्हणजे चिमुरड्यांच्या कानावर आपलीच भाषा पडेल अशी जागा. त्यातूनच पुढे चीफ अटाम शाळा उभी राहिली. तिथे म्हातारी माणसं चिमुरड्यांशी शेक्वेपेम भाषेतच बोलतात.