कापसाच्या गाठीला दाखला : दीडशे वर्षांची खान्देशी हकिकत

युरोपीय संघाचा नवा कायदा १८ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार पुढे तिथे विकल्या जाणाऱ्या कपड्यांना ‘डिजिटल पासपोर्ट’ लागेल: कपडा कशाचा आहे, कुठे बनला, किती टिकेल, टाकून दिल्यावर त्याचं काय करता येईल, याची नोंद. त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, आपल्या केंद्र सरकारने ‘कस्तुरी कॉटन भारत’ ही योजना आणली. तिच्यात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठीवर क्यूआर कोड लागतो आणि तो स्कॅन केला की गाठ कुठल्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातून, निघाली ते कळतं. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगवाल्यांना हे सगळं नवं कागदी लचांड वाटतं. तसं ते नवं नाही. खान्देशच्या कापसाकडे प्रामाणिकपणाचा दाखला मागायला सुरुवात झाली त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. मागणारा दर वेळी दूरचा होता आणि दाखल्यात काय लिहायचं हेही त्यानेच ठरवलेलं असायचं.

रेल्वेच्या आधीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा खान्देशातून कापसापेक्षा कापड जास्त नावारूपाला आलेलं होतं. फारुकी सुलतानांची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरची तलम वस्त्रं इराण, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत जात. सतराव्या शतकात आलेल्या तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने ते नोंदवून ठेवलं आहे. धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी तिथे वखार घातली होती, आणि मराठ्यांच्या फौजांनी त्या पेठेवर झडप घातली तीही तिथे लुटण्याजोगं काही होतं म्हणूनच. फैजपूरचं नाव छापील कापडासाठी आणि गडद निळ्या-तांबड्या रंगासाठी इंग्रजी गॅझेटिअरात आलेलं आहे. निळा निळीचा, तांबडा आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा. १८६९ मध्ये जर्मनीत अलिझरीन हा कृत्रिम तांबडा रंग तयार झाला आणि आलाची शेती बसली. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि निळीचे उरलेसुरले हौदही कोरडे पडले. आज ‘नैसर्गिक रंग’ म्हणून दुप्पट भावाने विकलं जाणारं कापड पाहिलं की फैजपूरच्या रंगाऱ्यांची आठवण येते. त्यांचा धंदा बुडाला तो स्वस्त रंगापुढे, आणि रंगाच्या पाण्याचं पुढे काय होतं हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भाव असे चढले की खान्देशात ज्वारी-बाजरीच्या शेतात कपाशी शिरली. याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खुद्द जळगाव वाढलं ते या कापसावर. पैसा आला तशी लबाडीही आली. गाठीत सरकी, माती, दगड घालायचे, रुईवर पाणी मारून वजन वाढवायचं. मँचेस्टरच्या तक्रारींवरून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला, तपासनीस नेमले, शिक्षा ठरवल्या. गुलामीच्या कापसावर पोसलेल्या गिरण्यांनी इथल्या शेतकऱ्याला आणि आडत्याला सचोटीचे धडे द्यावेत, यातला विनोद तेव्हा किती जणांना कळला असेल कोण जाणे. त्यात पाणी मारणारा हात बहुतेकदा शेतकऱ्याचा नव्हताच. कापूस दलालाकडून आडत्याकडे आणि आडत्याकडून गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर जड होत जायचा. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळले आणि तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज तेवढं शेतकऱ्याच्या अंगावर राहिलं.

याच सुमारास कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं बियाणं खान्देशात आणून पसरवलं, कारण गिरणीला थोडा लांब धागा हवा होता. शेतकऱ्याला मात्र रुईचा उतारा हवा असतो. एक क्विंटल कापसातून किती किलो रुई निघते, त्यावर त्याचं गणित. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खान्देशात ‘रोझियम’ नावाचा आखूड धाग्याचा, पण भरघोस उताऱ्याचा देशी कापूस पसरला. गिरण्यांनी नाकं मुरडली, तरी शेतकऱ्यांनी तोच लावला. मग ‘जरिला’ आणि पुढे ‘विरनार’ हे सुधारित वाण आले. धाग्याच्या लांबीवरून खरेदीदार आणि पिकवणारा यांच्यात चाललेली ही ओढाताण आजही संपलेली नाही.

आता जिनिंगकडे येऊ, कारण खरी कहाणी तिथे आहे. १८७० च्या दशकात जळगावला मूळजी जेठा यांची सूत आणि कापड गिरणी उभी राहिली, तालुक्या-तालुक्यांत वाफेवरच्या जिनिंग फॅक्टऱ्या निघाल्या. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांसमोर बसायच्या त्या बहुतांश बाया. १८८० च्या दशकात कारखान्यांच्या चौकशीसाठी मुंबईत नेमलेल्या आयोगापुढे खान्देशातल्या जिनिंगबद्दल साक्ष झाली. त्या साक्षीप्रमाणे एरवी काम पहाटे चार-पाचला सुरू होऊन रात्री आठ-नऊपर्यंत चालायचं. हंगाम ऐन भरात असला की त्याच माणसांकडून रात्रंदिवस, सलग आठ-आठ दिवस काम घेतलं जाई. ती थकून पडली की दुसरी माणसं आणायची.

कायदा नव्हता असं नाही. १८८१ मध्ये देशातला पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. पण तो लागू होता शंभर किंवा जास्त माणसांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. जिनिंगचा हंगाम असतो तेवढाच, दिवाळीनंतर सुरू झालेला उन्हाळ्याआधी आटोपणारा. एवढ्या एका अटीने बहुतेक जिनिंग कायद्याच्या बाहेर राहिली. १८९१ च्या दुरुस्तीने बायकांचे तास अकरावर आणले, माणसांची अट शंभरावरून पन्नासावर आली, पण हंगामी कारखान्यांचा प्रश्न तसाच राहिला. तो सुटायला १९११ साल उजाडावं लागलं. म्हणजे गाठीतल्या दगडाबद्दल १८६३ मध्ये कायदा झाला, आणि गाठ बांधणाऱ्या बाईपर्यंत कायदा पोचायला आणखी ४८ वर्षं गेली. ही दोन सालं शेजारी ठेवली की आजच्या ‘शाश्वत फॅशन’च्या निम्म्या चर्चेचा उलगडा होतो.

त्यानंतरही कायदे आले ते मालाचे. १९२३ चा कायदा आखूड धाग्याचा कापूस लांब धाग्याच्या मुलखात नेऊन मिसळण्याविरुद्ध होता. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक सक्तीचा केला. क्यूआर कोडचा आजा म्हणायचा तो हाच! गाठ खराब निघाली तर कुठल्या प्रेसला धरायचं, हे त्या शिक्क्यावरून कळायचं.

कापडाकडे नीतीचा प्रश्न म्हणून पाहणारी एक वेगळी धारा मात्र याच मातीत येऊन गेली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं. अध्यक्ष नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि गावातल्या साधनांची, आणि सोबत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन. अंगावरचं कापड कोणाच्या हातून आलं आणि त्याचे पैसे कोणाच्या घरात गेले, हा गांधींचा प्रश्न होता. खादीने तो घरोघरी नेला. पण खादी महाग पडायची आणि जाडीभरडी असायची. खान्देशातला कष्टकरी माणूस गिरणीचंच कापड घालत राहिला आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. गिरणीत राबणाराही तोच होता. अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची गिरणी ही इथली दोन मोठी ठिकाणं. अमळनेरला सहा वर्षं शिक्षकी केलेले साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले ते याच पट्ट्यात. कपडा नीतीने बनला का, हे ठरवताना तो विणणाऱ्याची मजुरीही मोजायची, हा विचार इथे कामगारांनी आणि त्यांच्या युनियननी मांडला. दुकानातल्या लेबलवर तो यायला पुढे बरीच दशकं लागली.

स्वातंत्र्यानंतरचा पट थोडक्यात. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला आणि देशी वाण मागे पडले. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, ती तीसेक वर्षं रखडत चालली. केंद्रावर प्रत ठरवताना होणारी कटकट आणि उशिरा मिळणारे पैसे यांना कंटाळून सीमेवरच्या खान्देशातला कापूस रातोरात गुजरातेत, मध्य प्रदेशात जायचा. नव्वदच्या दशकात बोंडअळीने हात टेकायला लावले. देशातल्या पेरणीच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रावरची कपाशी एकूण कीटकनाशकांपैकी निम्मी पिऊन टाकते, असं तेव्हा सांगितलं जायचं. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, फवारण्या काही वर्षं घटल्या आणि गुलाबी बोंडअळी सरावली तशा पुन्हा वाढल्या. २०१७ मध्ये तर तिने राज्यभर धुमाकूळ घातला. खान्देशातली मे महिन्यातली ठिबकवरची लागवड हा तिचा आवडता मुक्काम, म्हणून कृषी खातं लवकरची लागवड टाळायला सांगतं.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे कपड्यांचा धंदाच बदलला. १९७४ पासून चालत आलेली निर्यात-कोट्यांची व्यवस्था १ जानेवारी २००५ ला संपली आणि शिलाईचं काम जिथे मजुरी कमी तिथे मोकळेपणी सरकलं. वर्षात दोन हंगाम असायचे, ते महिन्याला नवा माल यावा इतके आकसले. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं मेली, त्यातल्या बहुसंख्य शिलाई करणाऱ्या तरुण बाया. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते. त्यानंतर ब्रँडच्या ‘ऑडिट’ची लाट आली. पण ते ऑडिट शिलाईच्या कारखान्यापर्यंत नीट पोचतं, सूतगिरणीपर्यंत कधीमधी आणि जिनिंगपर्यंत क्वचितच.

मग लेबलं आली. सेंद्रिय कापसात भारत जगात आघाडीवर, आणि त्यातला बराच आपल्या शेजारच्या निमाडातला. त्याच सेंद्रिय कापसाबाबत २०२० मध्ये ‘गॉट्स’ या प्रमाणन संस्थेने बनावट कागदपत्रांवर चाललेला सुमारे २०,००० टन भारतीय कापसाचा व्यवहार उघड केला आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. या वेळी पाणी रुईवर नव्हतं मारलं, दाखल्यावर मारलं होतं. ‘बेटर कॉटन’ या दुसऱ्या लेबलाची पद्धत आणखी मजेशीर. तिच्या मूळ हिशेबात नोंदणीकृत शेतकऱ्याने पिकवला तेवढा कापूस कागदावर पुढे सरकतो. प्रत्यक्षात तुमच्या शर्टात कुठलाही कापूस असू शकतो. त्यांनी यात फसवणूक केलेली नाही, ही रीत ते उघड सांगतात. पण दुकानातल्या गिऱ्हाइकाला हे कोण समजावणार?

पाण्याबद्दलही असंच. एका सुती शर्टामागे २,५०० लिटर पाणी लागतं हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यात आभाळातून पडलेलं पाणीही धरलेलं असतं. साक्री, शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतातलं पावसाचं पाणी आणि रावेर-यावलमधल्या खोल खोल जात चाललेल्या बोअरचं पाणी एकाच मापाने मोजलं की कोरडवाहू शेतकरी विनाकारण गुन्हेगार ठरतो.

पैशांचा हिशेब मात्र सोपा आहे. पाव किलोच्या शर्टाला विणताना-कापताना जाणारी घट धरून ३०० ग्रॅमच्या आसपास रुई लागते, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम कापूस. २०२४-२५ च्या, लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपयांच्या हमीभावाने त्याचे ६५ ते ७० रुपये झाले. वेचणीचा दर किलोला १० रुपये धरला तर वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला ९ रुपये. ती दव असतानाच शेतात उतरते, कंबरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात आणि कवडी, म्हणजे किडका-डागी, कापूस वेगळा काढायला वेळ लागतो, पण मजुरी मिळते ती वजनावर. शर्ट हजाराचा असो वा तीनशेचा, हे ९ रुपये बदलत नाहीत.

आणि हमीभाव तरी मिळाला पाहिजे. २०२२ च्या उन्हाळ्यात १० हजारांवर गेलेला भाव परत येईल या आशेने पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस घरात साठवला. निजायच्या खोल्या छतापर्यंत भरल्या, साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, तरी भाव आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं, ते कपडा उद्योगाला स्वस्त माल मिळावा म्हणून.

आता युरोपचा पासपोर्ट कधी ना कधी शेतापर्यंतची माहिती मागेल असं धरून चाललं, तर अडचण अगदी साध्या जागी येते. खान्देशात बहुतेक कापूस खेडा खरेदीने जातो. व्यापाऱ्याची गाडी दारात येते, काटा लागतो, रोख पैसे मिळतात. ती गाडी चार-पाच गावं फिरून जिनिंगच्या आवारात रिकामी होते आणि सगळा कापूस एका गंजीत पडतो. गाठीवरचा कोड त्या गंजीपासून पुढचं सांगतो. मागचं सांगायचं तर प्रत्येक गावाची गंजी वेगळी ठेवावी लागेल. त्याला जागा, माणसं, वेळ आणि जिनिंगच्या थांबलेल्या यंत्रांचा खर्च लागतो. काही शेतकरी उत्पादक कंपन्या हे करून पाहतात. तो जादा खर्च गाठीमागे कोणी सोसायचा, यावर त्यांच्यात आणि खरेदीदारांत अजून घासाघीस चालू आहे.